चवळी माजली पण शेंगा कुठंयत?

यंदा चवळीचे एवढे प्रश्न आले की बाकी पिकांना या अंकात जागाच उरली नाही. सोयाबीन-कापसाच्या मधे अर्धा एकर, दहा गुंठे, बांधाकडंनं चार तासं (ओळी) अशी चवळी आपल्या मराठवाड्यात पुष्कळ जण लावायलेत आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच, खत कोणतं आणि किती. मी सगळ्यांना आधी एकच सांगतो, पोतं आणायच्या आधी चवळीचं एक झाड खणून त्याची मुळी बघा. का ते पुढं येईलच.

प्रश्न : काका नमस्कार. जिंतूर तालुक्यात आमची अर्धा एकर चवळी आहे, मृगाच्या पावसावर पेरली, उगवण एकदम छान. वीस दिवसाची झाली तेव्हा जरा फिकी दिसायली म्हणून मालकांनी युरियाचं एक पोतं फेकलं. आता रान हिरवंगार झालंय, कमरेइतकी वाढलीय, पण फुलं कमी, लागली तरी गळतात, शेंड्यावर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) बसलाय. शेजारच्यांची चवळी आमच्यापेक्षा बुटकी आहे आणि शेंगांनी लगडलीय. त्यांनी तर काहीच टाकलं नाही म्हणतात. आमचं काय चुकलं?

ताई, चुकलं ते त्या एका पोत्यातच. हिशोब करून बघा म्हणजे लक्षात येईल, चवळीला एकरी १० किलो नत्र (नायट्रोजन) लागतं म्हणजे तुमच्या अर्ध्या एकराला ५ किलो, तेही पेरतानाच. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात साधारण २१ किलो नत्र असतं. म्हणजे गरजेच्या चौपट पडलं आणि पडलं ते पण चुकीच्या वेळेला.

चवळी हे शेंगवर्गातलं पीक, त्याच्या मुळीवर गाठी धरतात आणि त्या गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र ओढून झाडाला देतात आणि झाड त्याच्या बदल्यात पानात तयार झालेली साखर त्यांना खायला देतं. ही देवाणघेवाण पेरणीनंतर लगेच सुरू होत नाही, गाठी धरून कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात. बियातला साठा संपलेला असतो आणि गाठी अजून चालू झालेल्या नसतात, त्या मधल्या आठ-दहा दिवसात चवळी फिकी दिसतेच. नेमकं तेव्हाच माणूस घाबरतो आणि युरियाचं पोतं फोडतो. मातीत आयतं नत्र मिळालं की झाड गाठींना साखर द्यायचं बंद करतं, मग नव्या गाठी धरत नाहीत आणि धरलेल्या पण निकामी होतात. बाहेरून डबा आला की घरची चूल कोण पेटवतंय, तसं.

पुढचं तुम्ही डोळ्यानं बघताच आहात. सगळी ताकद पानात आणि वेलात गेली, फुलं लांबली, दाट पाल्यामुळं खाली ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही, म्हणून फूल गळतं. कोवळा लुसलुशीत शेंडा मावा कधी सोडत नाही. शेजाऱ्यांनी काहीच टाकलं नाही असं तुम्ही लिहिता, पण त्यांना विचारा, मागच्या वर्षी त्या रानात शेणखत पडलं होतं का. बहुतेक पडलेलं असणार.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या आखाड्याजवळ (शेतातल्या गोठ्याजवळ) दोन तुकडे आहेत, एकात आदल्या वर्षी कांद्याला चांगलं कुजलेलं खत घातलेलं होतं आणि दुसरा तसाच कोरा. चवळी दोन्हीत एकाच दिवशी पेरली. कोऱ्या तुकड्यातली पिवळसर दिसली तसा मी तिला युरिया दिला, मन राहवेना. पंधरा दिवसांत ती दुसरीच्या वर गेली आणि मला वाटलं आपण बरोबर केलं. शेंगा तोडायला बायका आल्या तेव्हा कळलं, खताच्या तुकड्यात टोपल्या भरायला लागल्या आणि युरियाच्या तुकड्यात पालाच बाजूला सारत बसावं लागलं. त्या दिवसापासून वीस दिवसाची फिकी चवळी बघून मी हात बांधून घेतो.

आता काय करायचं ते सांगतो. आणखी नत्र कुठल्याच रूपात देऊ नका, पाण्यातून पण नाही आणि फवारणीतून पण नाही. शेंडे दोन-तीन इंच खुडून टाका, त्यानं वेल थांबतो, बाजूच्या फांद्या फुटतात आणि मावा पण निम्मा त्याच्याबरोबर जातो. (फवारणी केलेली नसेल तर बिनमाव्याच्या शेंड्यांची भाजी होते. बाजारात चवळी म्हणून जी पालेभाजी मिळते ती चवळई वेगळी, पण हिचा पाला पण खातात.) माव्यावर ५ टक्के निंबोळी अर्क मारा, ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या आणि गाळून १०० लिटर पाणी करायचं. त्याआधी पानं उलटून ढालकिडे दिसतात का बघा, ते भरपूर असतील तर चार दिवस थांबा, तेच मावा खाऊन टाकतात.

आणि ती मुळी बघायची गोष्ट. झाड हातानं उपटायचं नाही, काळ्या रानात गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्यानं किंवा कुदळीनं ढेकळासकट काढा, बादलीत बुडवून माती सुटू द्या. गाठ नखानं फोडा, आतून गुलाबी-लालसर निघाली म्हणजे ती काम करायलीय. पांढरी असेल तर अजून तयार व्हायचीय, हिरवट-तपकिरी म्हणजे संपली. पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी रानात चार जागी असं बघितलं की युरिया द्यायचा का नाही हे कुणाला विचारायची गरज राहत नाही.

प्रश्न : केज तालुक्यातून लिहितोय. दोन म्हशी, दोन बैल आहेत, उकंडा भरलेला आहे. चवळीला शेणखत एकरी किती टाकायचं आणि उकंड्यातलं डायरेक्ट नेलं तर चालतं का? आमचे चुलते म्हणतात शेणखत टाकल्यावर दुसऱ्या कशाची गरज नाही, दुकानदार म्हणतो शेणखतात काही दम नाही. खरं कोणाचं?

दादा, दोघांचं अर्धं अर्धं खरं आहे.

चवळीला एकरी २ टन चांगलं कुजलेलं शेणखत पुरतं, बैलगाडीनं चार-पाच गाड्या. शेणखतात नत्र अर्धा टक्का, स्फुरद (फॉस्फरस) पाव टक्क्याच्या आतबाहेर आणि पालाश (पोटॅश) अर्धा टक्का धरा. २ टनात १० किलो नत्र झालं, चार-पाच किलो स्फुरद, १० किलो पालाश. ते पण सगळं पहिल्या वर्षी लागू होत नाही, हळूहळू सुटतं. दुकानदार हाच आकडा धरून बोलतो, कागदावर नत्र बघितलं तर अर्ध्या पोत्या युरियाइतकंच भरतं. पण शेणखत आपण नत्रासाठी टाकतच नाही मुळात. आपलं रान काळं, चिकण, पाऊस लागला की चिंबतं आणि उघडीप पडली की भेगा. शेणखतानं माती भुसभुशीत होते, पाणी मुरतं, जास्तीचं निचरून जातं आणि उघडिपीत ओल टिकते. गाठीतल्या जिवाणूला हवा लागते, रानात पाणी साचलं की गाठी गुदमरतात, म्हणून शेणखताच्या रानात गाठी जास्त आणि मोठ्या दिसतात. शिवाय जस्त, लोह असली बारीक अन्नद्रव्यं त्यातून मिळतात, ती युरियाच्या पोत्यात नसतातच. आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद चुन्याला चिकटून बसतं, मुळीला घेता येत नाही, शेणखत कुजताना जी आम्लं सुटतात ती त्यातलं थोडं मोकळं करतात. चुलत्यांचं खरं ते इथपर्यंत. पण दोन टनातून येणारं चार-पाच किलो स्फुरद चवळीला पुरत नाही, तिला २० किलो लागतं. ती तूट बाहेरूनच भरावी लागते. शेणखत आणि स्फुरद दोन्ही मिळून दिलेली चवळी जशी शेंगा धरते तशी नुसत्या एकावर धरत नाही.

उकंड्यातलं डायरेक्ट नेऊ नका. वरचं दोन फूट कच्चंच असतं, ते रानात कुजायला लागलं की कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि चवळी उगवल्या उगवल्या पिवळी पडते. कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या जातात, वाळवी लागते, गाजरगवताचं आणि हराळीचं बी जातं ते वेगळंच. कुजलेलं खत ओळखायला सोपं, काळपट तपकिरी रंग, हातात घेतलं की चहाच्या भुकटीसारखं मोकळं, शेणाचा वास नाही, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. काडी दिसली तर ती बोटानं मोडायला पाहिजे.

आता जे बघून माझा जीव तुटतो ते लिहितो. आपल्याकडं चैत्रात गाड्या वाहून रानात ढिगुळे घालतात आणि ते ढिगुळे वैशाखाच्या उन्हात दीड-दोन महिने तसेच तापत राहतात. मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊन तुम्हाला मी काय सांगू. त्यातला नत्र हवेत उडून जातो, जिवाणू मरतात, राहिलेलं पहिल्या वळवाच्या पावसात वाहून जातं आणि ढिगुळा होता तिथं तेवढं पीक गर्द, बाकी फिकं. वर्षभर बाईनं डोक्यावर टोपली वाहून साठवलेलं ते खत असतं हो. शेवटच्या वखराच्या पाळीआधी, एक-दोन दिवसात पेरणीपूर्व मशागत करायचीय अशा वेळेलाच खत वाहा, त्याच दिवशी पसरा आणि त्याच दिवशी वखरानं मातीत मिसळा. तोवर उकंड्यातच सावलीत, अधूनमधून पाणी मारून, वरून पाचट किंवा माती झाकून ठेवा.

शेण कमी पडत असेल तर नाडेप टाकी बांधा. ही पद्धत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काढली, त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप नाव पडलं. विटांची १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाकी, भिंतीला हवेसाठी भोकं ठेवायची, काडीकचरा, माती आणि थोडंसंच शेण असे थर भरायचे, साडेतीन-चार महिन्यात खत तयार. थोड्या शेणात पुष्कळ खत होतं हा त्यातला फायदा. आणि धनगरांचा कळप तुमच्या बाजूला येत असेल तर उन्हाळ्यात दोन रात्री मेंढ्या बसवून घ्या, लेंडीखत शेणखतापेक्षा जोरदार असतं. फक्त ज्या रानात मेंढ्या बसवल्या तिथं पेरताना नत्राचा डोस निम्मा करा, नाहीतर वरच्या ताईंसारखं होईल.

प्रश्न : औसा तालुका. चवळीला डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) टाका म्हणतात पण पेरणीच्या टायमाला मोंढ्यात डीएपी मिळालं नाही, दुकानदारानं २०:२०:०:१३ घे म्हणून दिलं. दोन पोती आणलीत एका एकरासाठी. टाकू का? का सुपर फॉस्फेट बघू?

दोन्ही पोती टाकू नका. एक टाका आणि जोडीला सुपर फॉस्फेट आणा.

चवळीला एकरी १० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद, हे डोक्यात पक्कं ठेवा, मग पोत्यावरच्या आकड्यांची भीती वाटत नाही. पोत्यावरचा पहिला आकडा नत्र, दुसरा स्फुरद, तिसरा पालाश, चौथा असला तर तो गंधक. ५० किलोच्या २०:२०:०:१३ मध्ये १० किलो नत्र आणि १० किलो स्फुरद येतं. दोन पोत्यात स्फुरद बरोबर २० होईल पण नत्र पण २० होतं, दुप्पट. म्हणून एक पोतं त्याचं आणि सव्वा पोतं सिंगल सुपर फॉस्फेट, सुपरमध्ये १६ टक्के स्फुरद असतं म्हणजे ६२ किलोत राहिलेलं १० किलो मिळून जातं. हिशोब जुळला. दुसरं पोतं सोयाबीनला किंवा कापसाला वापरा, वाया जात नाही.

डीएपी मिळालं असतं तर एकरी पोत्याला थोडं कमी पुरलं असतं, एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. पण डीएपी मिळालं नाही म्हणून एवढं वाईट वाटून घेऊ नका. मला स्वतःला चवळीला सुपरच जास्त पटतं, अडीच पोती सुपर आणि २२ किलो युरिया पेरतानाच दिला की डोस पूर्ण होतो आणि सुपरमध्ये ११ टक्के गंधक आहे, कॅल्शियम पण आहे. डाळवर्गीय पिकाला दाण्यातलं प्रथिन तयार करायला गंधक लागतंच आणि डीएपीत ते नसतं. पोती जास्त वाहावी लागतात हे खरं, एवढीच अडचण.

खत कुठं पडतं हे किती पडतं याच्याइतकंच महत्त्वाचं. स्फुरद मातीत जागचं हलत नाही, युरियासारखं पाण्याबरोबर फिरत नाही. उगवल्यावर वरून सुपर किंवा डीएपी फेकणं म्हणजे पैसे वरच्या दोन बोटं मातीत पुरून ठेवणं. दोन चाड्यांच्या पाभरीनं एकातून खत आणि एकातून बी असं पेरा, खत बियाच्या खाली आणि जरा बाजूला दोन इंचावर पडलं पाहिजे, बियाला चिकटून नको, उगवण जळते. पालाशचं म्हणाल तर आपल्या काळ्या जमिनीत ते बहुतेक भरपूर असतं, माती तपासून कमी निघालं तरच टाका.

अजून एक, फुलं लागताना आणि परत शेंगा भरताना २ टक्के डीएपीची फवारणी केली तर दाणा भरायला मदत होते. १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. आदल्या रात्री भिजवून सकाळी वरचं निवळ पाणी कापडातून गाळून घ्यायचं, नाहीतर नोझल चोंदतं. पण ज्यांची चवळी माजलीय त्यांनी ही फवारणी करायची नाही.

प्रश्न : कळमनुरी. सोयाबीनला आणलेलं रायझोबियमचं पाकीट शिल्लक होतं, तेच चवळीच्या बियाला चोळलं. महिना झाला, गाठी नगण्य आहेत. पाकीट डुप्लिकेट होतं का?

पाकीट चांगलंच असेल पण ते चवळीचं नव्हतं. प्रत्येक गटाचं रायझोबियम वेगळं. सोयाबीनचं सोयाबीनला, हरभऱ्याचं हरभऱ्याला, आणि चवळी, मूग, उडीद, तूर, भुईमूग, मटकी, गवार यांचा एक गट, त्याला चवळी गटच म्हणतात. पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं, ते आणि शेवटची तारीख बघूनच घ्यायचं. १० किलो बियाला २५० ग्रॅम रायझोबियम आणि २५० ग्रॅम स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ज्याला पीएसबी म्हणतात, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळा, सावलीत वाळवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. जिवाणू चोळलेलं बी रासायनिक खतात मिसळून पेरायचं नाही. परभणीला आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जिवाणू खतं मिळतात, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून आणू नका एवढंच, ओल्या कापडात गुंडाळून आणा.

तुमच्या रानात मूग-उडीद नेहमी होत असेल तर मातीतले जिवाणू उशिरा का होईना गाठी धरतील. कोळपणी करून माती मोकळी ठेवा आणि आठ दिवसांनी परत मुळी बघा. तेव्हा पण गाठी नसल्या आणि खालची पानं पिवळी पडत चालली, तर मात्र एकरी दहा-बारा किलो युरिया ओलीवर देणं भाग आहे. युरियाशी माझं वैर नाही, गाठी असताना तो देण्याशी आहे.

प्रश्न : पैठण तालुका. वरची नवीन पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. शेणखत, सुपर सगळं दिलंय, मग कशाची कमी?

लोहाची. चुनखडीच्या रानात लोह असून मुळीला मिळत नाही, त्यात वाफसा (मातीत ओल आणि हवा यांचा मेळ) नसला की जास्तच. पाणी साचत असेल तर आधी चर काढा. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, त्यात चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड टाकून संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी परत एकदा. पण नीट बघून घ्या, शिरा हिरव्या नसून पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर तो व्हायरस आहे, पांढरी माशी पसरवते, त्याला कुठलंच खत चालत नाही, अशी झाडं उपटून पुरून टाका.

प्रश्न : देगलूरहून. कापसाच्या कडेनं चवळीची दोन तासं लावलीत मावा खाणारे किडे यावेत म्हणून. तिला वेगळं खत द्यायचं का? आणि शेंगा संपल्यावर झाडं उपटून टाकायची का ज्वारीसाठी रान मोकळं करायला?

वेगळं काहीच देऊ नका. कापसाला टाकलेल्या खतातलं तिला पोचतंच, उलट कापसाला युरिया देताना त्या दोन तासांवर फेकू नका एवढं सालगड्याला बजावून सांगा.

आणि उपटू नका, विळ्यानं बुडापासून कापा. गाठी आणि मुळ्या रानातच कुजू द्या, त्यातला नत्र तुमच्या रब्बीच्या ज्वारीला मिळतो. पाला हिरवा असेल आणि त्यावर फवारा मारलेला नसेल तर म्हशीपुढं टाका, दुधाला चांगला. वाळून गेला असेल तर उकंड्यात न्या, जाळू नका.